बेसमेंटमधली खंडेनवमी

प्रेमात पडलेलं माणूस काहीही शिकायला तयार होतं. माझ्या एका मैत्रिणीने नवऱ्याखातर आइस हॉकीचे नियम पाठ केले. मी होणाऱ्या सासऱ्यांखातर काडतुसात गोळी बसवायची डाय सेट करायला शिकले. आणि उगाच विनय कशाला, फारच छान शिकले.

तेव्हा मी इथे परदेशात, वॉटर्लूला एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. नागपूरच्या कॉलेजातून मेकॅनिकल करून पुढे सगळं आयुष्य कीबोर्डवर घालवायचं, ही आमच्या पिढीची रीतच होती. तो, म्हणजे माझा होणारा नवरा, तिथून तासाभरावर एटोबिकोला राहायचा, वडिलांबरोबर, विमानं अगदी छपरावरून जातात अशा एका जुन्या बंगल्यात. माणसं वसईची, कॅथलिक. तो शाळेत असतानाच इथे आलेला, त्यामुळे त्याचं मराठी अर्धं आगाशीचं आणि अर्धं इथल्या शाळेतलं. मराठी मंडळाच्या गणपतीत आमची ओळख झाली. गणपतीसाठी नव्हे, मिसळीसाठी आलो होतो, हे त्याने पहिल्या पाच मिनिटांत कबूल केलं. मला तिथेच तो आवडला.

पहिल्यांदा त्याच्या घरी गेले तो आमच्या दोघांच्या दृष्टीने कांदेपोह्यांचाच कार्यक्रम होता, फक्त पोहे नव्हते. अंकल, म्हणजे त्याचे वडील, विमानतळावर विमानांच्या दुरुस्तीत आयुष्य काढून नुकतेच रिटायर झाले होते. आंटींना जाऊन बरीच वर्षं झाली होती. मला वाटलं, स्वयंपाक येतो का विचारतील, चर्चला येशील का विचारतील. सगळी उत्तरं मी गाडीत घोकून ठेवली होती. अंकलनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "व्हर्नियर वाचता येतो, बाय?"

बारीक मापं घ्यायची ती पट्टी कॉलेजात हाताळलेली होती. येतो म्हटल्यावर ते उठले आणि थेट बेसमेंटमध्ये घेऊन गेले.

अंकल नोव्हेंबरात जुन्या सोबत्यांबरोबर हरणाच्या शिकारीला जायचे आणि उरलेलं वर्ष त्या शिकारीची काडतुसं घरी भरण्यात घालवायचे. शिकार हे निमित्त, खरा जीव काडतुसं भरण्यात. भिंतीला लागून एक जाड लाकडी टेबल, त्याला घट्ट पिळलेलं लोखंडी प्रेस, एक लांब हँडल. रायफली कोपऱ्यात लोखंडी कपाटात कुलूपबंद. टेबलावर धुळीचा कण नाही. आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपपेक्षा ती जागा चकचकीत होती.

डाय म्हणजे बाहेरून आटे पाडलेला, आतून पोकळ असा पोलादी तुकडा. तो प्रेसच्या डोक्यात पिळून बसवायचा. हँडल खाली दाबलं की काडतुसाची पितळी केस वर येते आणि डायमध्ये शिरते. केसच्या तोंडावर गोळी नुसती ठेवलेली असते. डायच्या आत वरून एक दांडी आलेली असते, तिच्या टोकाला छोटी खोलगट वाटी. ती वाटी गोळीच्या नाकावर टेकते आणि गोळीला केसमध्ये दाबते. दांडी जेवढी खाली पिळाल तेवढी गोळी खोल. जास्त खोल गेली तर उडवताना आत दाब वाढतो, वर राहिली तर ती बंदुकीच्या नळीत जाऊन अडते. म्हणजे सगळा खेळ केसाएवढ्या फरकाचा.

"पहिलं काडतूस नेहमी मुकं," अंकल म्हणाले. मुकं म्हणजे ज्यात बारूद नाही, बारूद पेटवणारा प्रायमर नाही, नुसती केस आणि गोळी. त्याच्यावर सेटिंग करायचं. अशी दोनतीन मुकी एकसारखी उतरली, तरच खरं काडतूस भरायला घ्यायचं.

मग म्हणाले, केस वर घे, डाय पिळत खाली आण, केसला टेकली की थांब, आणि मग पूर्ण एक आटा मागे घे. डायच्या आत एक धार असते, ती केसचं तोंड आवळते; आपल्याला आवळायचं नाही, म्हणून मागे यायचं. मी मान डोलावली. सगळं समजलं होतं. डाय टेकवली, मागे यायचं साफ विसरले, आणि जोशात हँडल दाबलं. केसचं पोट फुगून वाकडं झालं. मी मान खाली घालून उभी, आणि अंकल मात्र हसता हसता टेबल धरून उभे. "वेलकम, बाय," म्हणाले. त्यांना इतकं हसताना बऱ्याच वर्षांनी बघितलं, असं त्यांच्या मुलाने मला नंतर सांगितलं.

त्या दिवसापासून माझं डोकं फिरलं. दर रविवारी चारशे-एक हायवेने एटोबिकोला. खरं म्हणजे डाय एकदा सेट करून लॉक रिंग आवळली की पुन्हा हात लावायची गरज नसते. पण अंकल मी येणार म्हटलं की ती मुद्दाम पिळून काढून ठेवायचे, मला पुन्हा सेट करता यावी म्हणून. मी सेट करायची, ते कॅलिपरने काडतुसाची लांबी मोजायचे आणि "हं" म्हणायचे. त्या एका "हं"वर मी आठवडाभर ऑफिसात गुणगुणत फिरायची. "यू कम टू सी मी ऑर डॅड?" असं त्याने एकदा चिडून विचारलं. मी म्हटलं, "तुला. पण आधी डाय."

आणि मग नागपूरहून आई आली.

बाबांनी फोनवर सांगून टाकलं होतं, "तुझी आई बघून येईल. तिचं मत तेच माझं." आई शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेली. तिला नकाशातलं सगळं जग पाठ होतं, पण जावई कुठून आणायचा याची तिची हद्द विदर्भाच्या फार बाहेर जात नव्हती. मी सज्ञान होते, कमावती होते, तिच्या नकारानंतरही लग्न करता आलं असतं. पण मला तसं नको होतं. मला तिचा होकार हवा होता, आणि तोही कपाळाला आठी न घालता दिलेला. आईने आल्या आल्या सांगितलं, "माणसं बघून सांगते." दसरा झाला की पुढच्या आठवड्यात तिचं परतीचं विमान होतं.

ख्रिश्चन आहेत, हे तिने ऐकून घेतलं. मासे खातात, यावर तिने पाणी मागितलं. बंदुकीचं मी सांगितलंच नाही. सगळं एकाच घोटात कशाला पाजायचं?

नवरात्राच्या शेवटच्या शनिवारी आम्ही दोघी एटोबिकोला मुक्कामाला गेलो. रविवारी दसरा होता. आईने बरोबर दही आणलं होतं आणि गेल्या गेल्या अंकलच्या स्वयंपाकघरातल्या नळाला फडक्यात बांधून टांगलं. उद्या श्रीखंड. अंकल त्या टांगलेल्या गाठोड्याकडे बघत म्हणाले, "टीचर, लूक्स लाइक अ गुड प्लंबिंग जॉब." आई हसली नाही. मी मात्र वेड्यासारखी हसत सुटले. त्या दोन दिवसांत मला कशाचंही हसू येत होतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथे गुडघे माझे होते.

आणि चहा झाल्यावर अंकल अगदी मोकळ्या मनाने म्हणाले, "टीचर, या. खाली माझं दुकान दाखवतो."

मी डोळे वटारले, त्याने खोकून बघितलं, पण अंकल जिन्यावर पोचले होते. आई गेली. प्रेस बघितलं, पितळी केसेसची रांग बघितली, कपाटाचं कुलूप बघितलं.

"हे कशासाठी?" आईने विचारलं.

"डिअरसाठी," अंकल म्हणाले. "हरीण. वर्षाला एक. लायसन्स आहे."

आईने हाताची घडी घातली. अंकल बिचारे उत्साहात सांगत राहिले, तुमची पोरगी डाय काय सेट करते, टीचर, फर्स्ट क्लास, उद्या दाखवतो. आईने वळून माझ्याकडे बघितलं. संपलं, असं मला स्पष्ट वाटलं. आई वर आली आणि तांदूळ निवडायला बसली.

संध्याकाळी अंकल चर्चला गेले, शनिवारच्या मिस्साला. आम्ही दोघं ग्रोसरीला गेलो आणि पार्किंग लॉटमध्ये गाडीतच रडकुंडीला आलो. तो म्हणत होता, मी तिच्याशी बोलतो. मी म्हणत होते, तू बोललास तर उद्या सकाळचंच विमान घेईल. शेवटी पुऱ्यांसाठी कणीक घेऊन परत आलो.

घरात आई दिसेना. बेसमेंटचा दिवा लागलेला. खाली उतरून बघते तर माझा विश्वास बसेना. प्रेसच्या हँडलला हळदकुंकू. कॅलिपरला, डायला हळदकुंकू. पाने, हातोडी, ड्रिल, कुलूपबंद कपाटाचं दार, इतकंच काय, कोपऱ्यातलं बर्फाचं फावडं, सगळ्यांना कुंकवाची बोटं, वर ओल्या अक्षता, आणि समोरच्या अंगणातल्या कुंडीतली शेवंतीची फुलं. पुढे उदबत्ती, बारूदाच्या डब्यांपासून चांगली लांब, जिन्याच्या पायरीवर खोवलेली. आमची आई अंधश्रद्ध असेल, पण बेजबाबदार नव्हे.

"आई! हे काय?"

"खंडेनवमी आहे आज," आई म्हणाली. "हत्यारं आहेत ना? मग आज त्यांचा दिवस. कोणाची आहेत हे मी विचारलं नाही. आणि आता उद्यापर्यंत कोणी हात लावायचा नाही."

तेवढ्यात वर दार वाजलं. अंकल चर्चमधून आले होते. चर्चचा कोट अंगावर तसाच होता. ते अर्ध्या जिन्यावर थांबले. त्यांनी ते टेबल बघितलं, फुलं बघितली, फावडंसुद्धा बघितलं. चेहऱ्यावर काही नाही. मग वळले, वर गेले, आणि ड्राइव्हवेमध्ये जाऊन गाडीत बसून राहिले. आम्ही दोघं खिडकीच्या पडद्याआडून बघत होतो. गाडी सुरू करेनात, उतरेनात. आता दोन्ही बाजूंनी गेलं, मी म्हटलं, तुझ्या बाबांना धर्म बाटल्यासारखं वाटलं असणार. तो म्हणाला, "आय हॅव नो आयडिया. ही नेव्हर डझ धिस." अंकल आले ते थेट जेवायलाच. पिठलं-भात खाल्ला, छान आहे म्हणाले, झोपायला गेले.

रविवारी सकाळी आईने बेसमेंटमधली फुलं उचलली, सगळ्यांना नमस्कार केला आणि म्हणाली, "आता घ्या हत्यारं हातात." अंकल म्हणाले, "चल, बाय. टीचरना दाखव."

आता माझी परीक्षा. आई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, पदर खोचून. अंकल चष्मा पुसत. तो कॅलिपर घेऊन. डाय टेबलावर तोंड वर करून उभी होती, नेहमीसारखी अंकलनी माझ्यासाठी काढून ठेवलेली. बाहेरचं कुंकू पुसलं, पिळून बसवली, केसला टेकवली, एक आटा मागे, लॉक रिंग आवळली. मग दांडी जराजरा खाली, दाब, मोज, जराशी खाली, दाब, मोज. मुकं काडतूस उतरलं. त्याने मोजलं. बरोब्बर.

"हं," अंकल म्हणाले.

"बघितलंस, आई?" मी म्हटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कारण दुसरं उतरलं ते लांब. कशाला हात लावला नव्हता, सेटिंग तेच, दांडी तीच. तिसरं त्याहून लांब. अंकलनी पुन्हा चष्मा पुसला.

"तू कॅलिपर नीट धरत नाहीस," मी त्याला म्हटलं.

"एक्स्क्यूज मी? तू लॉक टाइट केलं नाहीस."

"मी? मी टाइट केलं नाही? तुला तर डायचं तोंड कुठलं ते माहीत नाही!"

"मी आठ वर्षांचा असल्यापासून बघतोय हे!"

"बघतोस ना? नुसता बघच!"

आवाज चांगलेच चढले. आई आणि अंकलसमोर आम्ही दोघं पहिल्यांदाच इतकं मनसोक्त भांडत होतो. शेवटी तो थांबला, कॅलिपर माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, "ओके. तू मोज. मे बी मीच चुकतोय." मी मोजलं. तेवढंच आलं. त्याचं बरोबर होतं, हे मला मोठ्याने म्हणावं लागलं. ते म्हणताना मला जितका राग आला तितकंच हसूही आलं.

अंकलनी तिसरं काडतूस दिव्याखाली धरलं. गोळीचं नाक मऊ शिशाचं असतं. त्यावर बारीकसा खड्डा आणि तांबडा डाग. "रस्ट?" ते पुटपुटले. "माझ्या डायला रस्ट? इम्पॉसिबल." त्यांचा चेहरा पडला. गंज हा त्यांना आपल्या खानदानाला लागलेला बट्टा वाटत असावा.

आई पायरीवरून उठली, जवळ आली, डोळे बारीक करून बघितलं.

"हे कुंकू आहे," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "अगं बाई."

अंकलनी दांडी वरून पिळून काढली आणि तळहातावर आपटली. अर्धा चुरडलेला, गुलाबी झालेला तांदळाचा दाणा बाहेर पडला. आदल्या संध्याकाळी आईने टाकलेल्या अक्षतांपैकी एक वर तोंड केलेल्या डायमध्ये पडली होती आणि ओली असल्यामुळे आतल्या तेलाला, दांडीच्या वाटीत, चिकटून बसली होती. पहिल्या गोळीला दाणा अख्खा होता. दर दाबाला तो चुरडत गेला, आणि त्याची जाडी कमी झाली तितकी गोळी वर राहत गेली. आमच्या डोक्यावर पडायच्या आधी अक्षता डायवर पडल्या, असं माझ्या मनात आलं आणि मी तोंड दाबून भिंतीकडे वळले. मला हर्षवायू व्हायचाच बाकी होता. पण आईकडे बघितलं आणि हसू विरलं. ती पांढरीफटक पडली होती.

"माझ्यामुळे झालं," ती म्हणाली. "तुम्हाला न विचारता तुमच्या घरात पूजा केली. तुमचं यंत्र बिघडवलं. हे काडतूस खरं असतं तर? मला क्षमा करा."

अंकलनी मान हलवली. तो दाणा त्यांनी फेकला नाही, नुसते बघत राहिले.

"टीचर, खरं नसतं झालं. त्यासाठीच तर मुकी करतो," ते म्हणाले. "आणि बिघडलं काय? झाडून टाकू." मग म्हणाले, "मी चाळीस वर्षं पाने फिरवले. कंपनीने घड्याळ दिलं, हँडशेक केला. बायको म्हणायची, काय लोखंडाशी खेळत बसता. प्रेमाने म्हणायची, पण म्हणायची. माझ्या हत्यारांना कुणी फूल वाहिलं नव्हतं. काल चर्चमधून आलो, खाली बघितलं, आणि मला रडू आलं. पोरांसमोर कसं रडायचं? म्हणून गाडीत जाऊन बसलो."

वरून एक विमान गेलं, खिडकीची काच थरथरली. त्याने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला आणि इंग्रजीत काहीतरी पुटपुटला, जे मला ऐकू आलं नाही आणि मी कधी विचारलंही नाही.

आईने डोळ्यांना पदर लावला. मग तोच पदर खसकन कमरेला खोचला. शाळेत तास संपवताना ती असंच करत असणार.

"भांडण बघितलं तुमचं," ती आम्हा दोघांना म्हणाली. "ठीक भांडता. तुझ्या बाबांना अजून तसं थांबता येत नाही."

मला काही कळेना. हे चांगलं की वाईट? मी तिच्या तोंडाकडे बघत उभी. ती जिन्याकडे निघाली, दोन पायऱ्या चढली आणि मागे वळली. माझ्याकडे नाही, त्याच्याकडेही नाही. अंकलकडे.

"चला व्याही," ती म्हणाली, "हाताला तेल लागलंय, हात धुवून घ्या. पुऱ्या तळायला घेते."

आणि ती वर गेली.

माझा हात त्याच्या हातात कधी गेला मला कळलं नाही. अंकल तळहात उघडा ठेवून तसेच उभे होते. त्यांना तो शब्द कळला होता. वसईतही व्याह्याला व्याहीच म्हणतात. वर आईने कढई गॅसवर ठेवल्याचा आवाज आला. मग अंकल जिन्यापर्यंत गेले, थांबले, आणि जे घर त्यांनी स्वतः विकत घेतलं, ज्यात इतकी वर्षं काढली, त्या घरात मुलाकडे वळून म्हणाले,

"साबण कुठे असतो रे आपल्याकडे?"